दान टाकणारी यंत्रे

सप्टेंबर संपता संपता नांदेड-लातूरकडे सोयाबीन काढणीला येते. त्या दिवसांत गावोगाव एक छोटासा कार्यक्रम होतो. एखाद्या शेताच्या बांधावर पाच-सात माणसे जमतात. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), नाहीतर कृषी खात्याचा माणूस, विमा कंपनीचा प्रतिनिधी, गावातले दोन जाणते, शेताचा मालक आणि शाळा बुडवून आलेली चार पोरे. सोबत मोजपट्टी, दोरी, खुंट्या आणि तराजू. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून एकजण लांबीच्या बाजूने पावले टाकत निघतो, ठरलेल्या पावलावर थांबतो, काटकोनात वळतो, पुन्हा ठरलेली पावले आत जातो आणि तिथे खुंटी ठोकतो. खुंटीपासून पाच बाय पाच किंवा दहा बाय पाच मीटरचा, त्या त्या पिकासाठी नेमून दिलेला तुकडा आखतात. तेवढाच तुकडा कापायचा, मळायचा, दाणे तोलायचे आणि वजन कागदावर मांडायचे. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात.

खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या बहुतेक वाचकांनी हा प्रकार पाहिला असेल. खुंटी कुठे ठोकायची यावरून होणारी ओढाताणही पाहिली असेल. मालक म्हणतो, "साहेब, तिकडं खालच्या अंगाला बघा, पाणी साचून सगळं गेलंय." दुसरा कोणी म्हणतो, "मधल्या पट्ट्यात घ्या की, तिथं शेंगा चांगल्या दिसतात." दोघेही खोटे बोलत नसतात. खालचा कोपरा खरोखरच गेलेला असतो आणि मधला पट्टा खरोखरच बरा असतो. अशा वेळी निवाडा करतो तो कागदावरचा आकडा. किती पावले जायचे आणि किती पावले आत शिरायचे, हे मालकाने ठरवायचे नसते आणि साहेबानेही ठरवायचे नसते. ते आकडे कोणाच्याही इच्छेने आलेले नसावेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते.

अपेक्षा साधी वाटते, पण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महसूल मंडळ हा घटक धरला तर एका पिकासाठी किमान १० प्रयोग व्हायला हवेत. त्यांची सरासरी 'उंबरठा उत्पन्ना'च्या खाली गेली तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई मिळते, वर राहिली तर नाही. महाराष्ट्रात २०२३ साली आलेली एक रुपयातील विम्याची योजना २०२५ च्या खरिपात बंद झाली आणि भरपाईचा भार जवळजवळ सगळाच पीक कापणी प्रयोगांवर आला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. म्हणजे अनेक गावांचा घास दहा-बारा तुकड्यांच्या वजनावर ठरतो, आणि तुकडे कुठले हे ठरते काही आकड्यांवर.

हे आकडे आणायचे कुठून? या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे, आणि तो आजच्या अगदी नव्या संगणक-चिपांपर्यंत येऊन पोचतो. तो आम्हाला सांगावासा वाटतो, कारण त्याची सुरुवातीची काही पाने भारतात लिहिली गेली आहेत.

आधी एक खेळ. वर्गातल्या प्रत्येकाला ० ते ९ मधला मनात येईल तो एक अंक लिहायला सांगा आणि फळ्यावर मोजणी करा. बहुधा ७ ची गर्दी होते आणि ० बिचारा एकटा पडतो. दुसरा खेळ याहून चांगला आहे. अर्ध्या वर्गाने नाणे खरोखर १०० वेळा उडवून छाप-काटा लिहावा, उरलेल्या अर्ध्याने नाणे न उडवता मनानेच तशी यादी करावी. कागद एकत्र करून शिक्षकांच्या हाती द्यावेत. खऱ्या यादीत सलग सहा छाप किंवा सलग सहा काटे बहुतेक वेळा सापडतातच. मनाने केलेल्या यादीत मुले तसे लिहायला धजत नाहीत. तीन-चार छाप झाले की त्यांना काटा लिहावासा वाटतो. शिक्षकांनी केवळ एवढ्यावरून कागद वेगळे केले की मुले थक्क होतात. माणसाचे मन यदृच्छेचे नाटक करू शकते, यदृच्छा निर्माण करू शकत नाही. त्यासाठी बाहेरची वस्तू लागते.

ही गोष्ट जुगाऱ्यांना फार पूर्वी कळली होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. बेहडा आपल्याला अनोळखी नाही. त्रिफळा चूर्णातल्या तिघांपैकी तो एक. महाभारताच्या वनपर्वातल्या नलाख्यानात हेच झाड एका वेगळ्या कारणाने येते. राजा ऋतुपर्ण रथातून जाताना बेहड्याचे झाड पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत असे सांगून टाकतो. सारथी झालेला नळ रथ थांबवून फळे मोजतो, तर आकडा बरोबर! ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचे रहस्य कळते आणि गणितही. पुढे तो आपली अक्षविद्या नळाला देतो आणि त्याच्याकडून अश्वविद्या घेतो. कथा कथेच्या जागी ठेवू. पण थोडे पाहून सगळ्याचा अंदाज बांधणे आणि फासे समजणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे कथाकाराला सुचले याचे आम्हाला कौतुक वाटते.

बेहड्याचे फळ असो की सारीपाटाची कवडी, दोन्हींत एक खोट आहे. कवडी उताणी आणि पालथी सारख्या प्रमाणात पडत नाही. तिचा आकारच तसा आहे. यावरचा एक सुंदर उपाय जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ साली सांगितला. एकच कवडी दोनदा टाकायची. आधी उताणी मग पालथी पडली तर १ लिहायचा, आधी पालथी मग उताणी पडली तर ० लिहायचा. दोन्ही वेळा सारखीच पडली तर ते दान सोडून द्यायचे. कवडी कितीही एककल्ली असली तरी 'उताणी-पालथी' आणि 'पालथी-उताणी' यांची शक्यता तंतोतंत सारखीच असते, म्हणून १ आणि ० समसमान येतात. दहावीच्या मुलांना गुणाकाराचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. किंमत एवढीच, की बरीच दाने वाया जातात. हा वाया जाण्याचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता शेताकडे वळू. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने होई. चांगले वर्ष म्हणजे सोळा आणे पीक, त्या मानाने यंदा किती आणे, हे महसुली नोकर शेतावर नजर टाकून सांगत. ही आणेवारी, नाणी बदलल्यावर तिची पैसेवारी झाली. नजरेत अनुभव असतो हे खरे, पण नजर भितेही आणि दबतेही. वर्ष चांगले असले तरी नेहमीपेक्षा जास्त पीक लिहायला माणूस कचरतो.

नजरेऐवजी नमुना घ्यावा हा प्रयत्न भारतात जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात १९२३ ते १९२५ या काळात केला. पुढे हे गृहस्थ ओरिसाचे पहिले गव्हर्नर झाले. भाताच्या शेतात कुठे कापायचे ते त्यांनी यदृच्छेवर सोपवले आणि एका छोट्या त्रिकोणी चौकटीत सापडेल तेवढेच पीक कापून तोलले. १९२७ साली पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने त्यांचे टिपण छापले. रोनाल्ड फिशर आणि प्रशांतचंद्र महालनोबीस या दोघांनीही त्या टिपणाचे महत्त्व मान्य केले आहे.

त्याच १९२७ साली लंडनमध्ये एक विचित्र पुस्तक निघाले. लेखक एल. एच. सी. टिपेट. पुस्तकात वाक्य नाही, सूत्र नाही. नुसते ४१,६०० अंक. टिपेट आधी पिशवीतून चिठ्ठ्या काढून नमुने घेत, पण चिठ्ठ्या काही केल्या नीट मिसळत नसत. तेव्हा त्यांनी जनगणनेच्या अहवालांतले इंग्लंडमधल्या परगण्यांचे क्षेत्रफळ घेतले, प्रत्येक आकड्याचे पुढचे आणि मागचे अंक उडवले आणि मधले अंक ओळीने मांडले. फाशाचे पुस्तक झाले! ते कुठूनही उघडा, आकडे वाचत जा. दान टाकण्याची गरज नाही. कलकत्त्याला १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्या महालनोबीसांनी टिपेटच्या अंकांवरून १९३४ साली आणखी तक्ते तयार केले आणि १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी सुरू केली.

इथे आपली माणसे येतात. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, तिथे संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९४० साली दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. तिथे आणि इंदूरच्या विनायक गोविंद पानसे यांच्या सोबतीने त्यांनी पीक कापणीची जी पद्धत बसवली, तिचाच सांगाडा आज आपल्या बांधावर दिसतो. यदृच्छेने गाव, गावात यदृच्छेने गट नंबर, शेतात यदृच्छेने तुकडा. दोघांनी मिळून लिहिलेले शेतीसंख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे कृषी महाविद्यालयांत चालले.

महालनोबीस आणि सुखात्मे यांच्यात त्या काळात एक वाद रंगला होता. तो मोठा शिकण्यासारखा आहे. महालनोबीस म्हणत, तुकडा लहान घ्या, म्हणजे त्याच खर्चात जास्त तुकडे होतील. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये दाखवले की लहान तुकड्यातून उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त येते. कारण? दोरीवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दहा बाय पाच मीटरच्या तुकड्याला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर कड असते, म्हणजे चौरस मीटरला ६० सेंटिमीटर. एक मीटर चौरस तुकड्याला मात्र तेवढ्याच क्षेत्राला ४ मीटर कड. कड जितकी जास्त तितकी हाताला संधी जास्त. म्हणजे आकडा प्रामाणिक असला तरी दोरी ताणणारा हात राहतोच.

आकडे काढणाऱ्या यंत्रांनाही हाच हात नडला. केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३८-३९ साली लंडनमध्ये एक तबकडी केली. तिचे ० ते ९ असे दहा भाग. विजेच्या मोटरवर ती अंधाऱ्या खोलीत गरगर फिरे, मधूनच क्षणभर दिवा लखलखे आणि समोर दिसेल तो अंक बसलेल्या माणसाने लिहायचा. असे एक लाख अंक त्यांनी प्रसिद्ध केले. पण तपासणीत असे आढळले की एका निरीक्षकाच्या यादीत सम अंक प्रमाणाबाहेर येत होते. तबकडी ठीक होती, डोळा झुकत होता! याच दोघांनी लंडनची टेलिफोन डिरेक्टरीही तपासली आणि तिच्यातले अंक यादृच्छिक म्हणून वापरण्याजोगे नाहीत असे ठरवले.

मग माणसाला मधून काढून टाकले. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९४७ साली विजेच्या अनियमित स्पंदांवर चालणारे, एक प्रकारचे इलेक्ट्रॉनिक रूलेट केले आणि १९५५ साली दहा लाख अंकांचे पुस्तक काढले. यंत्र नीट लावूनही काही काळाने ते एका बाजूला झुके. शेवटी आलेले अंक एकमेकांत मिळवून, दहाने भागून बाकी घेऊन वापरावे लागले. मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ या संगणकात (१९५१) ॲलन ट्यूरिंग यांच्या आग्रहावरून एक खास आज्ञा होती. ती दिली की विद्युत्-गोंगाटातून यादृच्छिक अंक मिळत. ब्रिटिश डाकखात्याच्या बचत रोख्यांची सोडत १९५७ पासून 'अर्नी' नावाचे यंत्र काढू लागले. त्याच्यात निऑनच्या नळ्यांमधला गोंगाट मोजला जाई. २०१२ पासून इंटेलच्या सर्वसाधारण प्रोसेसरच्या पोटातच उष्णतेच्या कंपनांवर चालणारा असा एक फासा बसवलेला असतो. बेहड्याचे फळ शेवटी सिलिकॉनच्या कणात जाऊन बसले.

इथपर्यंत यंत्र नुसते दान टाकत होते. त्या दानांवरून अनुमान काढणे माणसाकडे होते. दान टाकता टाकता यंत्रानेच अनुमानही काढावे, हा इतिहासाचा दुसरा भाग.

त्याची सुरुवात लाकडी पेटीने झाली असे आम्ही म्हणू. फ्रान्सिस गाल्टन यांची खिळ्यांची पाटी अनेकांना माहीत असते; वरून छर्रे सोडले की खाली घंटेच्या आकाराचा ढीग होतो. पण त्यांनी १८७७ साली दाखवलेले तीन मजली यंत्र फारसे कोणाला ठाऊक नाही. वरच्या मजल्यात छर्रे मूळ लोकसंख्येच्या आकारात रचलेले. मधल्या मजल्यात घंटेच्या आकाराचा पडदा. पडद्याच्या पुढे पडलेले छर्रे टिकतात, मागे पडलेले बाद होतात. तळमजल्यात टिकलेल्यांचा ढीग. गाल्टन यांच्या मनात आनुवंशिकता आणि निसर्गाची निवड होती. संख्याशास्त्राचे इतिहासकार स्टीफन स्टिग्लर यांनी अलीकडे दाखवून दिले की हे यंत्र बेझच्या नियमाप्रमाणे अनुमान काढते. वर आधीचा समज, मध्ये पुरावा, खाली पुराव्यानंतरचा समज.

हेच यंत्र वर्गात मुलांचे करता येते. एका मंडळात पीक बुडाले असण्याची शक्यता आधी सहात एक धरू. बुडालेल्या मंडळात सहापैकी पाच शेते वाईट असतात, बऱ्या मंडळात सहापैकी एकच. यदृच्छेने निवडलेले एक शेत वाईट निघाले. तर मंडळ बुडाले असण्याची शक्यता किती? मुले पटकन 'सहात पाच' म्हणतात. आता प्रत्येकाला दोन फासे द्या. पहिला फासा म्हणजे मंडळ: १ पडला तर बुडालेले, नाहीतर बरे. दुसरा फासा म्हणजे शेत: बुडालेल्या मंडळात १ ते ५ पडले तर शेत वाईट, बऱ्या मंडळात फक्त १ पडला तरच वाईट. ज्यांचे शेत वाईट निघाले तेवढ्यांनीच उभे राहायचे. ३६ शक्यतांपैकी १० मध्ये मूल उभे राहते. त्यातली ५ बुडालेल्या मंडळाची, ५ बऱ्या. म्हणजे उत्तर निम्मे! उभ्या असलेल्यांनी आणखी एक शेत पाहावे, म्हणजे तिसरा फासा टाकावा. तेही वाईट निघालेल्यांत बुडालेली २५ आणि बरी ५ असे प्रमाण पडते, आणि आता उत्तर खरोखरच सहात पाच येते. एकाही मुलाने सूत्र वापरलेले नसते. वर्गच यंत्र झालेला असतो. छोट्या वर्गात आकडे थोडे हलतात. दोन-तीन फेऱ्यांची बेरीज करावी.

महाराष्ट्रात या विचाराचे एक मोठे अभ्यासक होऊन गेले. कोल्हापूरला जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरोल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते आणि पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. जेफ्रीज हे बेझच्या विचाराचे पुरस्कर्ते आणि भूकंपशास्त्रज्ञही. भूकंपाच्या लहरींना किती अंतरासाठी किती वेळ लागतो याची त्यांनी आणि बुलन यांनी केलेली कोष्टके (१९४०) जगभर वापरली गेली. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूरकर विसरणार नाहीत. दूरदूरच्या केंद्रांवरच्या नोंदींवरून मागे जात त्याचा उगम शोधणे हेही याच जातीचे अनुमान: परिणाम हाती आहे, कारण शोधायचे आहे.

फाशांच्या प्रयोगातली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ३६ पैकी २६ मुले पहिल्याच फेरीत खाली बसली. पुरावे वाढले की जवळजवळ सगळा वर्गच बसतो. कवडीची दाने वाया गेली तसेच हे. साध्या संगणकावर असे अनुमान करायचे तर कोट्यवधी दाने टाकावी लागतात, आणि नेमके हिशेब करण्यासाठी घडवलेले यंत्र दान टाकण्याच्या कामात फार वीज खाते. मग यंत्रच दानांचे का करू नये?

हा प्रयत्न १९६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायन गेन्स आणि अमेरिकेत वुल्फगँग पॉपेलबॉम यांनी स्वतंत्रपणे केला. त्यांच्या यंत्रात ०.४ ही संख्या म्हणजे ज्यात दहात सरासरी चार वेळा १ येतो अशी स्पंदांची माळ. गुणाकार अतिशय स्वस्त: ०.५ ची माळ आणि ०.४ ची माळ एका 'आणि' द्वारातून सोडली की दोन्हीकडे एकदम १ येण्याचे प्रमाण ०.२. एवढ्याशा भागात गुणाकार! पण खोड अशी की उत्तरही नमुन्यासारखेच येते. १०० स्पंदांवर त्या ०.२ मध्ये साधारण ०.०४ इतकी त्रुटी राहते; ती दहापट कमी करायला स्पंद शंभरपट, म्हणजे १०,००० लागतात. हाच वर्गमुळाचा नियम शेतावर आहे. शेताशेतातला फरक ३० टक्के असेल तर १० तुकड्यांच्या सरासरीत साडेनऊ टक्के त्रुटी असते, आणि ती निम्मी करायला २० नव्हे, ४० तुकडे लागतात. वेगवान, नेमकी चिप स्वस्त होत गेली तशी ही यंत्रे मागे पडली.

ती परत आली वेगळ्या वाटेने. १९८५ साली ॲकली, हिंटन आणि सेज्नोव्स्की यांनी 'बोल्ट्झमन यंत्र' मांडले. एकमेकांशी जोडलेले बरेच एकक, प्रत्येक एकक शेजाऱ्यांकडे बघून ० किंवा १ चे दान टाकते, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त वेळ त्या रचनेत राहतात जी पुराव्याशी जुळते. यात कोणाला खाली बसवून टाकायचे नाही. चुकीच्या रचनेतून यंत्र हळूहळू सरकत बाहेर येते. हिंटन यांना २०२४ साली हॉपफील्ड यांच्यासह पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, त्यात या यंत्राचा मोठा वाटा होता. मात्र ते यंत्र म्हणजे आज्ञावली होती. हाताला लागेल असे नव्हे.

हाताला लागेल असा तुकडा पुढे आला तो चुंबकीय स्मृतीच्या कारखान्यातून. दोन अतिपातळ चुंबकी थर आणि मध्ये विद्युतरोधक पापुद्रा, असा 'मॅग्नेटिक टनेल जंक्शन' नावाचा भाग असतो. थरांची दिशा एक असेल तर विरोध कमी, उलट असेल तर जास्त. स्मृतीसाठी तो घट्ट लागतो, म्हणजे ठेवलेला ० किंवा १ वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. आयआयटी खरगपूरला शिकलेले आणि अमेरिकेत परड्यू विद्यापीठात असलेले सुप्रियो दत्त आणि त्यांचे सहकारी यांनी नेमके उलटे सुचवले. थर मुद्दाम कच्चा करा, इतका की खोलीतल्या उष्णतेनेच तो सारखा पलटी खाईल. विद्युतदाबाने त्याला थोडा १ कडे, थोडा ० कडे कलवताही येतो. कवडीचा एककल्लीपणा हा दोष होता. इथे तो हवा तेवढा ठेवता येणारा गुण झाला. याला त्यांनी 'पी-बिट' म्हटले. २०१७ साली त्यांनी दाखवले की अशा एककांचे जाळे उलटेही चालते: गुणाकार ठाऊक असेल तर तो पक्का धरून ठेवायचा, आणि गुणकांना भटकू द्यायचे, ती बहुतेक वेळ बरोबर उत्तरावर रेंगाळतात. २०१९ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठाबरोबर त्यांनी असे ८ भाग जोडून ९४५ चे अवयव ६३ आणि १५ काढले. आपल्या सहावीच्या मुलांना हे काम एक मिनिटाचे आहे, तेव्हा आकड्याने दिपून जायला नको. महत्त्वाचे हे की उत्तर काढणारा कोणताही क्रम यंत्राला सांगितला नव्हता. उष्णतेने फासे टाकले आणि तारांच्या जोडणीने त्यांना वळण लावले. असे हजारो भाग एकसारखे बनवणे आणि प्रत्येकाचा कल नेमका ठेवणे हे अजून कठीण काम आहे. फिरत्या तबकडीपुढे बसलेल्या निरीक्षकाची अडचण वेगळ्या रूपात परत आली आहे.

आता पुन्हा बांधावर येऊ. हल्ली पीक कापणीची नोंद मोबाईलच्या ॲपवर होते, जागेचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्र जाते. दान कागदावरच्या तक्त्यातून आले काय किंवा यंत्रातून आले काय, शेताच्या दृष्टीने फरक पडत नाही. फरक पडतो तो दान केव्हा पडले याने. शेत डोळ्यांनी पाहिल्यानंतर पावलांचे आकडे काढले आणि ते पसंत पडले नाहीत म्हणून पुन्हा काढले, तर तो फासा फासा राहिला नाही. सुखात्म्यांच्या पद्धतीत म्हणूनच आकडे आधी आणि पाऊल नंतर.

येत्या हंगामात तुमच्या गावी प्रयोग असेल तर नववी-दहावीच्या मुलांना बांधावर घेऊन जावे. शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजून झाल्यावर, पहिले पाऊल पडण्याआधी, त्यांनी दोन आकडे आपल्या वहीत उतरवून घ्यावेत: किती पावले लांबीने आणि किती आत. मग त्याच पावलांनी चालत जाऊन खुंटी कुठे ठोकली ते पाहावे, आणि दोरीवर आलेल्या झाडांचे काय केले तेही.